सगळे पडले, म्हणून तो जिंकला?

हिवाळी ऑलिंपिकचे दिवस आले की आमच्या स्केटिंग रिंकवरच्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक जुनी क्लिप हमखास फिरते. बर्फावर पाच जण पळताहेत. चौघे एकमेकांना खेटून, पाचवा पार मागे, चुकून आत शिरल्यासारखा. शेवटच्या वळणावर एकाचा तोल जातो, तो दुसऱ्याला घेऊन पडतो, दुसरा तिसऱ्याला, आणि बघता बघता चौघेही आडवे. मागून येणारा पाचवा उभाच्या उभा रेषा ओलांडतो. हात वर करतो खरा, पण चेहरा असा, की लग्नात दुसऱ्याच्या नावाचा आहेर आपल्याच हातात पडलाय.

यंदाही ती क्लिप आली. रविवारी सकाळी पोरं आत सराव करत होती आणि आम्ही मोठी माणसं बाहेर कट्ट्यावर चहा घेऊन बसलो होतो. एकजण म्हणाला, "फुकटात मिळालं गा त्याला मेडल." शेजारचे कानडी काका मान हलवत म्हणाले, "नसीब री, नसीब." सगळे हसले. माझी अकरा वर्षांची भाची तिथंच बसून स्केटची दोरी आवळत होती. तिनं मान वर न करता विचारलं, "मामा, मग सगळ्यांच्या मागंच राहायचं का?"

तिला तेव्हा उत्तर देता आलं नाही. आठवडाभर वाचत बसलो, जुन्या शर्यती पुन्हा पुन्हा बघितल्या. त्यातून जे कळलं ते इथं मांडतोय. बेळगावकरांना चाकांवरचं स्केटिंग नवं नाही. पहाटे सहाला स्कूटरच्या फुटबोर्डवर स्केटची बॅग आणि मागच्या सीटवर पेंगणारं पोर, हे दृश्य टिळकवाडीपासून कॅम्पापर्यंत कुठंही दिसतं, आणि विश्वविक्रमाच्या बातम्यांत आपल्या पोरांचे फोटो आपण पेपरात बघितलेत. बर्फाचं मात्र आपल्याला काहीच ठाऊक नाही. आपला बर्फ उसाच्या रसात, नाहीतर मासळीच्या टोपलीत.

अठरा गुंठ्यांतला खेळ

क्लिपमधल्या खेळाचं नाव शॉर्ट ट्रॅक स्पीड स्केटिंग. नावातच अर्थ आहे: आखूड वाटेवरची शर्यत. बर्फावर पळण्याचा दुसरा, जुना प्रकार ४०० मीटरच्या मोठ्या वाटेवर होतो. तिथं दोघं-दोघं आपापल्या पट्ट्यात पळतात आणि घड्याळ निकाल देतं. शॉर्ट ट्रॅकची एक फेरी फक्त १११.१२ मीटरची. ती ६० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद बर्फावर बसते. आपल्या हिशेबात साधारण अठरा गुंठे, म्हणजे अर्धा एकरही नाही. तेवढ्या जागेत चार-सहा जण एकदमच सुटतात, पट्टे आखलेले नसतात, आणि जो आधी पोचला तो पहिला. वेळ कितीही लागो.

शर्यती ५००, १००० आणि १५०० मीटरच्या, शिवाय रिले. हजार मीटर म्हणजे नऊ फेऱ्या. १९८८ च्या कॅलगरी ऑलिंपिकमध्ये हा खेळ प्रात्यक्षिकापुरता होता, १९९२ मध्ये आल्बर्टव्हिलला तो पदकांचा झाला. अठरा गुंठ्यांत भागत असल्यामुळे ज्या देशांत मोठी वाट बांधणं परवडत नव्हतं त्यांनीही तो उचलला. दक्षिण कोरियाचं हिवाळी ऑलिंपिकमधलं पहिलं सुवर्ण याच खेळात आलं, १९९२ साली, किम कि-हून याच्याकडून, हजार मीटरमध्ये.

क्लिपमधला पाचवा माणूस म्हणजे ऑस्ट्रेलियाचा स्टीव्हन ब्रॅडबरी. शर्यत हजार मीटरची अंतिम फेरी, सॉल्ट लेक सिटी, १६ फेब्रुवारी २००२.

वळणावर नेमकं होतं काय?

बेळगावहून गोव्याला चोर्ला घाटातून एसटीनं गेलात तर हे अंगानं कळलेलं असतं. बस डावीकडे वळते आणि तुम्ही उजवीकडच्या माणसाच्या मांडीवर. तुमचं शरीर सरळच जायला बघतं, वळायला लावते ती बस. मोटरसायकलवाला तेच वळण घेताना आतल्या बाजूला कलतो. वेग जितका जास्त आणि वळण जितकं आवळलेलं, तितकं जास्त कलावं लागतं.

आता हिशेब करू. ब्रॅडबरीनं ती शर्यत १ मिनिट २९.१०९ सेकंदांत संपवली, म्हणजे ताशी चाळीस किलोमीटर, आणि तो तर सगळ्यांत सावकाश होता. ५०० मीटरमध्ये चीनच्या वू दाजिंगनं २०१८ च्या प्योंगचांग ऑलिंपिकमध्ये ३९.५८४ सेकंद घेतले. तो वेग ताशी ४५ च्या वर जातो. आपण मधला आकडा घेऊ, सेकंदाला १२ मीटर, आणि वळणाची त्रिज्या धरू दहा मीटर. मग सत्तर किलोच्या माणसाला वळणावर आडवं ओढणारा जोर शंभर किलोच्या वजनाइतका निघतो. त्यात त्याचं स्वतःचं खाली दाबणारं वजन मिसळलं की पायावर एकूण भार येतो सव्वाशे किलोच्या आसपास. म्हणजे खांद्यावर सिमेंटचं एक पोतं घेऊन, गुडघा काटकोनात मोडून, एकाच पायावर, ओल्या शहाबादी फरशीपेक्षाही निसरड्या जागेवर वळायचं. तेही एकदा नाही. हजार मीटरमध्ये अठरा वेळा.

हा भार पेलते ती एक मिलिमीटरच्या आसपास जाडीची पोलादी पट्टी. चाळीस सेंटिमीटरहून लांब. तिला ब्लेड म्हणतात, आपण पातं म्हणू. हे पातं बुटाच्या मधोमध नसतं, डावीकडे सरकवून बसवलेलं असतं, आणि वळणाच्या दिशेनं किंचित वाकवलेलंही. कारण सगळी वळणं डावीकडचीच. आपल्या पोरांच्या स्केटकडे नीट बघा. भाचीच्या उजव्या स्केटची चाकं आतल्या बाजूनं उतरून गेलीत, पेन्सिलला टोक काढल्यासारखी. दर महिन्याला मी पाना घेऊन ती उलटी करून बसवतो, बेअरिंग पेट्रोलमध्ये धुतो, आणि घरभर वास झाला म्हणून बोलणी खातो. चाक उलटं करता येतं. पात्याला ती सोय नाही, त्याला धारच लावत बसावं लागतं.

वळणावर खेळाडू डावा हात बर्फाला टेकवतात तेही क्लिपमध्ये दिसेल. तो आधार नव्हे, अंदाज असतो. हातमोज्याच्या बोटांना कडक टोप्या लावलेल्या असतात, त्या बर्फावरून सरकत जातात आणि किती कललोय ते कळत राहतं. वळणाच्या कडेला रबराचे छोटे काळे ठोकळे मांडलेले असतात. वाट म्हणून आखलेली तेवढीच. आणि एकाच जागी बर्फ खरवडून निघू नये म्हणून हे ठोकळे दर काही शर्यतींनंतर मीटरभर सरकवले जातात, शेतात दरवर्षी पायवाट बदलावी तसे.

मग जोरात आहे तो पहिल्यापासून पुढं का पळत नाही?

ऊस कारखान्याच्या हंगामात सायकल चालवलीय का? नोव्हेंबरनंतर वारा तोंडावर घेत गावाकडं निघालं की पायडल जड होतं. पुढं उसाची ट्रॉली मिळाली आणि तिच्या मागं सायकल घातली की एकदम हलकं वाटतं. आम्ही शाळेत असताना ट्रॉलीमागं जायचो ते ऊस ओढण्यासाठी, वाऱ्याचा फायदा वरकड. ट्रॉली हवा फाडते आणि तिच्या पाठीमागं शांत जागा तयार होते. बर्फावर तोच प्रकार. पहिला हवा फाडतो, दुसरा त्याच्या आडोशाला राहून ताकद राखतो. म्हणून हजार आणि दीड हजार मीटरच्या शर्यती सुरुवातीला रेंगाळल्यासारख्या वाटतात. घाबरलेत म्हणून नव्हे, कुणाला ट्रॉली व्हायचं नसतं म्हणून.

पण मागे राहण्याची किंमतही असते. पुढच्याला ओलांडायचं तर बाहेरून जावं लागतं, म्हणजे जास्त अंतर, किंवा आतून, म्हणजे फटीतून. नियम सांगतो की ओलांडताना धक्का लागला तर जबाबदारी ओलांडणाऱ्याची, जोवर पुढच्यानं मुद्दाम आडवं येऊन वाट अडवलेली नाही. पुढचा आपली रेषा धरून राहिला की मागच्याचे हाल. तेव्हा शॉर्ट ट्रॅकमध्ये वेगाइतकीच मोलाची असते ती जागा. कुस्तीत नुसती ताकद असून भागत नाही, पट कधी काढायचा ते कळावं लागतं. आनंदवाडीच्या आखाड्यात माती अंगाला लावलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

एक पडला, तर चौघे का पडावेत?

याचं उत्तर मला सगळ्यांत आवडलं, कारण ते वहीच्या मागच्या पानावर मांडता येतं.

दोघांत अंतर दोन मीटर आणि वेग सेकंदाला अकरा मीटर. पुढचा पडला तर मागच्याला तिथं पोचायला सेकंदाच्या पाचव्या हिश्शाहून कमी वेळ आहे. डोळ्यांनी बघून, मेंदूनं समजून, पायाला हुकूम जायला माणसाला साधारण तेवढाच वेळ लागतो. म्हणजे पुढचा पडला हे कळेपर्यंत तुम्ही त्याच्यावर. त्यात पात्याला ब्रेक नाही. आणि पुढचा पडून तिथंच थांबत नाही. वळणावर त्याला आत धरून ठेवणारं पातं बर्फातून सुटलं की तो सरळ बाहेरच्या भिंतीकडे निघतो, म्हणजे नेमका त्याच्या बाहेरून ओलांडू बघणाऱ्याच्या वाटेत. चोर्ल्याच्या वळणावर ब्रेक गेलेली गाडी कुठं जाते ते आठवा.

हेच अंतर दहा मीटर असतं तर? जवळपास पूर्ण सेकंद मिळतो. सेकंद म्हणजे या खेळात ऐसपैस वेळ. बघायला, उठून उभं राहायला, आतल्या बाजूनं निघून जायला.

ब्रॅडबरी मागे होता, कारण तो हळू होता. हे खरं, आणि त्यानं स्वतःही ते कधी लपवलं नाही. पण एवढा मागे होता तो कारण तसं ठरलं होतं.

हा तर रडीचा डाव झाला!

कट्ट्यावरचा मुख्य आक्षेप हाच. त्याला उत्तर द्यायचं तर क्लिप थोडी मागं न्यावी लागेल. थोडी म्हणजे अकरा वर्षं.

१९९१ मध्ये सिडनीला झालेल्या जागतिक स्पर्धेत ऑस्ट्रेलियानं ५००० मीटरची रिले जिंकली. ब्रॅडबरी त्या संघात होता, वय सतरा. रिले बघायला मजेदार असते. आपल्या खो-खोसारखी. पळणारा मागून येतो आणि पुढं तयारीत असलेल्या आपल्या माणसाच्या कमरेला दोन्ही हातांनी ढकलतो. फरक एवढाच की खो नुसता स्पर्शाचा, आणि इथं बंद पडलेली रिक्षा ढकलावी तसा रेटा द्यायचा. १९९४ च्या लिलेहॅमर ऑलिंपिकमध्ये याच रिलेत ऑस्ट्रेलियाला कांस्य मिळालं, त्या देशाचं हिवाळी ऑलिंपिकमधलं पहिलंच पदक. अंतिम फेरीत चार संघ होते आणि ऑस्ट्रेलियानं आधीच ठरवलं होतं की काही झालं तरी पडायचं नाही. कॅनडाचा माणूस पडला. २००२ चा बेत म्हणजे आयत्या वेळी सुचलेली युक्ती नव्हती, तो या जुन्या धड्याचाच पुढचा भाग.

त्याच लिलेहॅमरमध्ये वैयक्तिक शर्यतींत तो पदकाच्या शर्यतीतला माणूस मानला जात होता. तिथं त्याला दुसऱ्यानं नियमाबाहेर जाऊन ढकललं. ढकलणारा बाद झाला, पण ब्रॅडबरीचंही पदक गेलं. त्याची क्लिप कोण फिरवतो?

त्याच वर्षी माँट्रियलच्या विश्वचषक शर्यतीत धडक झाली आणि दुसऱ्या खेळाडूचं पातं त्याच्या उजव्या मांडीतून आरपार गेलं. चार लिटर रक्त गेलं. माणसाच्या अंगात असतं पाच-साडेपाच लिटर. १११ टाके पडले. पायात पहिल्यासारखा जोर यायला दीड वर्ष गेलं. १९९८ च्या नागानोत पुन्हा रिकाम्या हातानं परत. २००० साली सरावात समोर पडलेल्या सोबत्यावरून उडी मारायला गेला आणि डोक्यावर भिंतीत आदळला. मानेचे दोन मणके मोडले. डोक्याभोवती लोखंडी कडं बसवून दीड महिना काढावा लागला. डॉक्टरांनी सांगितलं, आता बर्फावर उतरू नकोस.

हा माणूस २००२ मध्ये अठ्ठावीस वर्षांचा होऊन सॉल्ट लेकला आला. पैसा म्हणावा तर नाही. घरच्या घरी स्केटचे बूट बनवायचा धंदा होता. आणि गंमत ऐका, अमेरिकेचा ॲपोलो ओनो, जो ती शर्यत जिंकणार असं सगळे धरून चालले होते, त्याला यानंच बूट दिले होते, फुकट. ओनोनं सुवर्ण जिंकलं तर आपल्या बुटांचं नाव होईल, हा साधा व्यापारी हिशेब. म्हणजे अंतिम फेरीत प्रतिस्पर्ध्याच्या पायात आपलेच बूट.

त्या संध्याकाळी उपांत्यपूर्व, उपांत्य आणि अंतिम अशा तीन फेऱ्या पळायच्या होत्या. उपांत्यपूर्व फेरीत तो तिसरा आला. पुढं जाणार दोघंच. पण कॅनडाच्या मार्क गान्योंला वाट अडवल्याबद्दल बाद केलं आणि हा आत गेला. मग त्यानं प्रशिक्षक ॲन झांग यांच्याशी बोलून पक्कं केलं: पाय थकलेत, वेगात आपण यांना गाठू शकत नाही, तेव्हा घोळक्यात शिरून अंग मोडून घेण्यापेक्षा मागं राहायचं आणि धडकाधडकीची वाट बघायची. उपांत्य फेरीत पुढचे तिघे घसरले. अंतिम फेरीत काय झालं ते आपण सगळ्यांनी बघितलंय. चौघांत चीनचा ली जियाजुन होता, कोरियाचा सोळा वर्षांचा आन ह्युन-सू होता, कॅनडाचा मॅथ्यू तुर्कोत होता आणि ओनो होता. ओनो रांगत, पाय पुढं टाकत दुसरा आला, मांडीला पात्याची जखम घेऊन. दक्षिण गोलार्धातल्या कुठल्याही देशाचं हिवाळी ऑलिंपिकमधलं ते पहिलं सुवर्ण.

नंतर ब्रॅडबरीनं जे सांगितलं त्याचा मथितार्थ असा: त्या दीड मिनिटाच्या पळण्याचं हे पदक मी समजत नाही, आधीच्या दहा वर्षांचं समजून घेतो. मला वाटतं हा माणूस मोठा झाला तो यामुळं. त्यानं "मीच भारी होतो" असं म्हटलं नाही आणि "माझं काहीच नव्हतं" असंही म्हटलं नाही.

म्हणजे मटकाच की, फक्त बर्फावरचा

आपल्या भागात नशिबाची गोष्ट निघाली की मटका आठवतोच. पण इथं एक बारीक फरक आहे.

मटका लावणारा आकडा येईल या आशेवर असतो, आकडा काढणाऱ्या हंडीबद्दल त्याला काहीच ठाऊक नसतं. ब्रॅडबरीला हंडी माहीत होती. चौघे तोडीचे खेळाडू, चौघांनाही सुवर्णच हवं, चौघेही शेवटच्या दोन फेऱ्यांत एकाच फटीत घुसणार. अशा शर्यतीत दोघं एकमेकांना लागण्याची शक्यता बऱ्यापैकी असते. दोघं पडले तरी पाचव्याचा तिसरा होतो, कांस्य पदरात पडतं. त्याची अपेक्षा फार तर तेवढी होती. चौघे पडतील हे त्याच्याही हिशेबात नव्हतं, म्हणून तर तो चेहरा तसा. तेव्हा कांस्याचं श्रेय मी त्याच्या डोक्याला देईन आणि कांस्यापासून सुवर्णापर्यंतचं अंतर नशिबाला. कानडी काकांना हे सांगितलं. ते म्हणाले, "हां, निम्मं नसीब." तडजोड झाली.

आणि नशीब एका शर्यतीत चालतं, कारकिर्दीत नाही. त्या रात्री पडलेला आन ह्युन-सूच बघा. २००३ ते २००७ अशी सलग पाच वर्षं तो जागतिक विजेता राहिला, २००६ च्या तुरिनमध्ये तीन सुवर्णं आणि एक कांस्य घेतलं. पुढं २००८ मध्ये सरावात गुडघा मोडला, २०१० चं ऑलिंपिक हुकलं. कोरियातल्या संघटनेतल्या गटबाजीला कंटाळून त्यानं २०११ मध्ये रशियाचं नागरिकत्व घेतलं, व्हिक्टर आन झाला, आणि २०१४ ला सोचीत रशियाच्या कपड्यांत पुन्हा तीन सुवर्णं, एक कांस्य. डाव्या-उजव्या गटात पोरं अडकवायची खोड आपल्याच तालुक्याची आहे असं मला वाटायचं. इटलीची आरियाना फोंताना हिनं २००६ मध्ये पंधराव्या वर्षी पहिलं पदक घेतलं आणि २०२२ च्या बीजिंगपर्यंत अकरा पदकं जमा केली, पाच ऑलिंपिकमध्ये मिळून. एवढ्या वेळा समोरचे पडत नसतात. ही माणसं फटीत शिरतात आणि पडत नाहीत, पडले तरी पुढच्या खेपेला तिथंच शिरतात.

बर्फ नाही, मग आपल्या पोरांनी हे कशाला बघायचं?

खरा प्रश्न. बेळगावात मे महिन्यात घरातला फ्रीज चालू ठेवायचं बिल बघून पोटात गोळा येतो. अठरा गुंठे बर्फ बारा महिने गोठवून ठेवायचा खर्च कोण करणार? डेहराडूनला २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी बंदिस्त रिंक बांधली. त्यानंतर बरीच वर्षं ती बंदच पडून होती, २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली. बेळगावपासून दोन हजार किलोमीटरच्या आसपास. लडाखात थंडीत नैसर्गिक बर्फ असतो, पण तो काही आपल्या शनिवार-रविवारच्या क्लासला उपयोगी नाही.

पण बर्फावरचे कितीतरी खेळाडू चाकांवरून आलेत, आणि त्यातलाच एक आहे ॲपोलो ओनो. सिएटलचा पोरगा, वडील जपानहून आलेले, केशकर्तनाचं दुकान चालवणारे, पोराला एकट्यानं वाढवणारे. पोर रोलर स्केटिंग आणि पोहणं करायचं. १९९४ चं ऑलिंपिक टीव्हीवर बघून त्याला बर्फाचं वेड लागलं. चौदाव्या वर्षी राष्ट्रीय विजेता, आणि पुढच्याच हंगामात ऑलिंपिकच्या निवड चाचणीत शेवटून पहिला. वडिलांनी त्याला समुद्रकाठच्या एका खोलीत एकट्याला ठेवलं: खेळायचं की नाही ते तूच ठरव. तो परत आला आणि पुढच्या तीन ऑलिंपिकमध्ये आठ पदकं घेऊन गेला. हे जमलं कारण कलणं, पाय ओलांडून टाकणं, घोळक्यात जागा धरणं, पुढच्याच्या आडोशाला राहणं, हे सगळं चाकांवरही तेच आहे. वेगळी आहे ती पकड. रबरासारखं चाक जमिनीला धरतं, पातं बर्फात रुतवावं लागतं.

आणि चाकांवरही पदकं आहेतच की. २०२३ मध्ये हांगझोउच्या आशियाई स्पर्धेत भारताच्या मुलींनी आणि मुलांनी, दोन्ही संघांनी ३००० मीटर रिलेत कांस्य आणलं. मुलांच्या संघात आर्यनपाल सिंग घुमान, आनंदकुमार वेलकुमार, सिद्धांत कांबळे आणि विक्रम इंगळे होते. ती शर्यत ब्रॅडबरीच्या क्लिपइतकीच बघण्यासारखी आहे. कोरियाचा शेवटचा खेळाडू पुढं होता, रेषेच्या जरा आधी त्यानं जिंकल्याच्या आनंदात हात वर केले. मागून तैवानच्या पोरानं डावा-उजवा विचार न करता पाय लांब टाकला. फरक ०.०१ सेकंदाचा. सुवर्ण तैवानचं. कोरियात आशियाई सुवर्ण मिळालं की सक्तीच्या लष्करी सेवेतून सूट मिळते, तीही गेली. निकाल लागतो तो छाती कुठं आहे त्यावर नव्हे, चाक कुठं आहे त्यावर. बर्फावर पात्याचं टोक. आमच्या रिंकवरचे सर पोरांच्या कानीकपाळी ओरडत असतात, "रेषेच्या पुढं पळा, रेषेपर्यंत नको!" त्याचं कारण पालकांना आता कळावं.

त्याच संघातल्या चेन्नईच्या आनंदकुमारनं २०२५ मध्ये चीनमध्ये रोलर स्केटिंगच्या जागतिक स्पर्धेत सुवर्ण घेतलं. रोलर स्केटिंग ऑलिंपिकमध्ये नाही, ही सल राहणारच.

आणि भाचीचं काय?

हे सगळं मी तिला सांगितलं. वहीवर दोन मीटर आणि दहा मीटरचा हिशेब काढून दाखवला, ट्रॉली सांगितली, १११ टाके सांगितले. टाक्यांपाशी तिनं नाक मुरडलं, बाकी शांतपणे ऐकलं. मला वाटलं, कळलं.

पुढच्या रविवारी रिंकवर पोरांची आपसातली शर्यत होती, पाच फेऱ्यांची. पाचजणी उभ्या राहिल्या. शिट्टी झाली आणि आमची भाची आरामात, हात पाठीमागं बांधून, सगळ्यांच्या दहा मीटर मागं पळायला लागली. पहिली फेरी, दुसरी, तिसरी. कट्ट्यावरून तिची आई माझ्याकडं बघत होती. शेवटच्या वळणावर पुढच्या चौघी एकत्र घुसल्या, एकीचा हात दुसरीला लागला, जरा डगमगली, सावरली, आणि चौघीही नीट रेषेपलीकडं गेल्या.

भाची पाचवी आली. येऊन माझ्या शेजारी धप्पकन बसली आणि दोरी सोडायला लागली.

"कोणच पडलं नाही की, मामा."